जेड रेमंड : स्टुडिओ उभारणाऱ्या निर्मातीची कारकीर्द

जेड रेमंड (जन्म : २८ ऑगस्ट १९७५, माँट्रियल, कॅनडा) या व्हिडिओ गेम उद्योगातील निर्मात्या आणि प्रशासक आहेत. युबीसॉफ्ट कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड’ या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या गेमच्या निर्मात्या म्हणून त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्यानंतर युबीसॉफ्ट टोरांटो, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा मोटिव्ह स्टुडिओ, गूगलचा स्टेडिया गेम्स अँड एंटरटेनमेंट विभाग आणि हॅवन स्टुडिओज अशा चार संस्था त्यांनी शून्यातून उभ्या केल्या किंवा त्यांच्या उभारणीचे नेतृत्व केले. त्यांपैकी एक संस्था तिचा पहिला मोठा खेळ बाजारात येण्यापूर्वीच मूळ कंपनीने बंद केली. म्हणूनच ही कारकीर्द केवळ एका यशस्वी व्यक्तीची कथा ठरत नाही. या उद्योगात निर्णय कोण घेतो, श्रेय कोणाला मिळते आणि अपयशाचा भार कोणाच्या वाट्याला येतो, या प्रश्नांचीही उत्तरे तिच्यात सापडतात.

निर्मात्याचे काम

मराठी वाचकाला ‘निर्माता’ हा शब्द नाटक-सिनेमामुळे परिचित आहे. तेथे निर्माता म्हणजे प्रामुख्याने भांडवल उभे करणारी व्यक्ती. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. भांडवल बहुधा प्रकाशक कंपनीचे असते. ते ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या दर्जाच्या कलाकृतीत कसे रूपांतरित होईल, हे पाहणे निर्मात्याचे काम असते. खेळाची कल्पना, कथानक व खेळण्याची पद्धत यांची जबाबदारी क्रिएटिव्ह डायरेक्टरकडे असते. निर्माता माणसे नेमतो, वेळापत्रक आखतो, खर्चावर लक्ष ठेवतो आणि प्रोग्रॅमर, चित्रकार, ॲनिमेटर, ध्वनिसंयोजक, लेखक व चाचणी करणारे यांच्यात मेळ घालतो.

मोठ्या खेळाची निर्मिती तीन ते पाच वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ चालते. या काळात कंपनीचे वरिष्ठ ठरावीक टप्प्यांवर काम तपासतात. प्रत्येक टप्प्यावर प्रकल्प पुढे न्यायचा, त्याची दिशा बदलायची की तो बंद करायचा, हा निर्णय होतो. प्रकल्पाची बाजू वरिष्ठांपुढे मांडणे आणि वरिष्ठांचा निर्णय संघाला समजावून सांगणे, ही दोन्ही कामे निर्मात्याकडेच येतात. कोणती वैशिष्ट्ये ठेवायची आणि मुदत गाठण्यासाठी कशावर काट मारायची, हेही बऱ्याच अंशी त्याच्याच सल्ल्याने ठरते. प्रेक्षकाला पडद्यावर या कामाचा मागमूस दिसत नाही. रेमंड यांच्या वाट्याला पुढे जो वाद आला, त्याचे एक कारण या अदृश्यतेतच आहे.

शिक्षण आणि प्रारंभ

रेमंड यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १९९८ साली संगणकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर त्या सोनीच्या ऑनलाइन गेम विभागात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाल्या आणि तेथील पहिल्या संशोधन व विकास गटाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्समध्ये ‘द सिम्स ऑनलाइन’ या खेळासाठी त्यांनी निर्माती म्हणून काम केले. २००२ च्या डिसेंबरमध्ये आलेला हा खेळ अपेक्षेइतका चालला नाही व २००८ साली बंद झाला. मात्र हजारो लोक एकाच वेळी वावरतात अशा आभासी जगाची निर्मिती आणि देखभाल कशी असते, याचा अनुभव त्यांना येथे मिळाला. याच काळात ‘द इलेक्ट्रिक प्लेग्राउंड’ या गेमविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रमातही त्या दिसत असत.

तंत्रज्ञानाचे औपचारिक शिक्षण, प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंगचा अनुभव आणि त्यानंतर व्यवस्थापन, असा हा क्रम आहे. पुढील वादाच्या संदर्भात तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

‘असॅसिन्स क्रीड’ची निर्मिती

२००४ साली रेमंड युबीसॉफ्ट माँट्रियलमध्ये दाखल झाल्या. या स्टुडिओने २००३ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा गाजलेला खेळ केला होता. त्याचे सर्जनशील नेतृत्व करणारे पॅट्रिस डेझिले त्याच मालिकेतील पुढच्या खेळाची आखणी करीत होते. राजपुत्राचे रक्षण करणारा मारेकरी हा नायक, अशी त्यांची कल्पना होती. राजपुत्राच्या नावाच्या खेळात राजपुत्रच दुय्यम ठरतो, हे कंपनीच्या वरिष्ठांना मान्य होईना. अखेर ही कल्पना मूळ मालिकेपासून अलग करून तिला स्वतंत्र नाव देण्यात आले. ‘असॅसिन्स क्रीड’चा जन्म असा झाला. व्लादिमीर बार्टोल या स्लोव्हेनियन लेखकाच्या ‘अलामूत’ (१९३८) या कादंबरीचा प्रभावही त्यामागे होता.

खेळाचा काळ इ. स. ११९१ चा, म्हणजे तिसऱ्या धर्मयुद्धाचा आहे. जेरुसलेम, दमास्कस आणि एकर ही तीन नगरे त्यात उभी केली आहेत. भिंतींवर चढणे, गच्च्यांवरून धावणे आणि गर्दीत मिसळून दिसेनासे होणे हा खेळाचा गाभा. त्यासाठी प्रत्येक इमारतीची बाहेर आलेली वीट, खिडकीची चौकट आणि तुळई पकडता येण्याजोगी असणे गरजेचे होते; रस्त्यावरील गर्दीने नायकाच्या वागण्याला प्रतिसाद देणेही आवश्यक होते. युबीसॉफ्टने त्यासाठी नवे इंजिन विकसित केले. नवी कथा, नवे इंजिन आणि नव्याने बाजारात आलेली एक्सबॉक्स ३६० व प्लेस्टेशन ३ ही यंत्रे, अशी तिहेरी जोखीम असलेल्या या प्रकल्पाचे वेळापत्रक सांभाळणे ही निर्माती म्हणून रेमंड यांची जबाबदारी होती.

धर्मयुद्धासारख्या विषयावर खेळ करताना कोणत्याही समाजाच्या भावना दुखावण्याची शक्यता होती. विविध धर्मांच्या व श्रद्धांच्या बहुसांस्कृतिक संघाने हे काम केले आहे, असे निवेदन खेळाच्या आरंभीच दिले गेले. पुढील अनेक भागांतही ही प्रथा टिकून राहिली.

नोव्हेंबर २००७ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. नगररचना, हालचालींतील सहजता आणि विषयाचे नावीन्य यांचे कौतुक झाले, तर मोहिमांमधील तोचतोचपणावर टीका झाली. विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक झाली. पहिल्या दीड-दोन वर्षांतच ती ८० लाख प्रतींच्या पुढे गेली. २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात आधीच्या टीकेची दखल घेतलेली दिसते. त्या भागाच्या रेमंड या कार्यकारी निर्मात्या होत्या. पुढे ही मालिका युबीसॉफ्टचा मुख्य आधारस्तंभ बनली.

श्रेयाचा वाद

पहिल्या खेळाच्या प्रसिद्धीसाठी कंपनीने रेमंड यांना पत्रकारांपुढे आणले. खेळाचे प्रात्यक्षिक दाखवणे आणि मुलाखती देणे ही कामे त्या करीत. निर्मात्याने असे पुढे येणे या व्यवसायात नवे नव्हते. तरीही इंटरनेटवरील एका वर्गाने असा सूर लावला, की एका तरुण स्त्रीचा चेहरा जाहिरातीसाठी वापरला जात असून प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध नाही. २००७ च्या अखेरीस त्यांना लक्ष्य करणारी एक अश्लील चित्रकथा प्रसृत झाली आणि युबीसॉफ्टने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला.

प्रसिद्धीची मोहीम आखणाऱ्या कंपनीवर टीका करणे हा एक भाग होता. येथे मात्र प्रश्न कंपनीला विचारला गेला नाही; ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे प्रकल्प सांभाळला, तिच्याच पात्रतेवर शंका घेतली गेली. संगणकशास्त्राची पदवी, प्रोग्रॅमर म्हणून केलेली नोकरी आणि त्याआधीच्या निर्मितीचा अनुभव ही माहिती सर्वांना उपलब्ध असतानाही ती विचारात घेतली गेली नाही. खेळांच्या जगातील स्त्रियांना होणाऱ्या छळाची चर्चा २०१४ नंतर जगभर मोठ्या प्रमाणावर झाली. रेमंड यांच्यावरील हल्ला त्याच्या सात वर्षे आधीचा आहे. त्यांनी हा व्यवसाय सोडला नाही, तर याच कंपनीत त्यांना पुढे अधिक मोठी जबाबदारी मिळाली.

टोरांटो

२००९ साली युबीसॉफ्टने टोरांटो येथे नवा स्टुडिओ काढण्याचे जाहीर केले. ओंटारिओ प्रांताच्या सरकारने त्यासाठी दहा वर्षांत २६ कोटी ३० लाख कॅनेडियन डॉलरचे साहाय्य देऊ केले. दहा वर्षांत ८०० रोजगार निर्माण करण्याचे उद्दिष्ट होते. या स्टुडिओच्या व्यवस्थापकीय संचालकपदी रेमंड यांची नियुक्ती झाली. एका खेळाची निर्माती ते एका संस्थेची प्रमुख, हा त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा होय. जागा, भरती, प्रशिक्षण आणि सरकारला दिलेल्या रोजगाराच्या वचनाची पूर्तता, या सर्व बाबी आता त्यांच्या अखत्यारीत आल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये या स्टुडिओचा ‘स्प्लिंटर सेल : ब्लॅकलिस्ट’ हा मोठा खेळ प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये रेमंड यांनी युबीसॉफ्ट सोडले. तेथे त्यांनी दहा वर्षे काढली होती.

मोटिव्ह आणि स्टार वॉर्स

जुलै २०१५ मध्ये त्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्समध्ये परतल्या आणि माँट्रियलमध्ये मोटिव्ह स्टुडिओची स्थापना केली. कॅलिफोर्नियातील व्हिसरल गेम्स या स्टुडिओची देखरेखही त्यांच्याकडे आली. तेथे एमी हेनिग या ख्यातनाम लेखिका-दिग्दर्शिकेच्या नेतृत्वाखाली ‘स्टार वॉर्स’वर आधारित कथाप्रधान खेळ तयार होत होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने व्हिसरल बंद केला आणि तो प्रकल्प त्याच्या मूळ रूपात थांबला.

पुढच्याच महिन्यात ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ प्रसिद्ध झाला. त्यातील एकट्याने खेळायचा कथाभाग मोटिव्हने केला होता. त्याची नायिका आयडन व्हर्सिओ ही साम्राज्याच्या सैन्यातील अधिकारी. तिची भूमिका जनीना गावणकर या भारतीय वंशाच्या पित्याच्या अमेरिकन कन्येने केली. हे आडनाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. खेळात पैसे मोजून नशिबाच्या पेट्या उघडण्याच्या योजनेवरून मात्र मोठा गदारोळ झाला आणि प्रसिद्धीच्या आदल्या दिवशी कंपनीने ती विक्री स्थगित केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये रेमंड यांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा निरोप घेतला.

गूगलचा प्रयोग

मार्च २०१९ मध्ये रेमंड गूगलमध्ये उपाध्यक्ष झाल्या. गूगलने त्याच महिन्यात स्टेडिया ही सेवा घोषित केली. महागडे यंत्र विकत न घेता दूरच्या संगणकावर चालणारा खेळ इंटरनेटद्वारे घरच्या पडद्यावर खेळता येईल, अशी ही कल्पना होती. या सेवेसाठी स्वतंत्र खेळ निर्माण करणाऱ्या विभागाचे नेतृत्व रेमंड यांच्याकडे होते. माँट्रियल व लॉस एंजेलिस येथे स्टुडिओ उघडले गेले आणि टायफून स्टुडिओज ही संस्था विकत घेण्यात आली.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी गूगलने हा निर्मिती विभाग बंद करीत असल्याचे जाहीर केले. सुमारे १५० कर्मचाऱ्यांवर याचा परिणाम झाला आणि रेमंड यांनी कंपनी सोडली. मोठ्या खेळाला लागणारी वर्षे आणि विभागाला प्रत्यक्षात मिळालेला दोन वर्षांहूनही कमी अवधी यांची तुलना केली, तर या अपयशाचे स्वरूप ध्यानात येते. सॉफ्टवेअर सेवेच्या हिशेबाने चालणाऱ्या कंपनीला कलाकृतीच्या निर्मितीचा काळ परवडला नाही. पुढे १८ जानेवारी २०२३ रोजी स्टेडिया ही सेवाही बंद झाली.

हॅवन

गूगलमधून बाहेर पडल्यावर जेमतेम सहा आठवड्यांत, मार्च २०२१ मध्ये, रेमंड यांनी माँट्रियलमध्ये हॅवन स्टुडिओजची घोषणा केली. गूगलमधील काही सहकारीही या नव्या संस्थेत आले. सोनीने त्यात गुंतवणूक केली आणि २०२२ साली ही संस्था पूर्णपणे विकत घेतली. ज्या सोनीत त्यांनी पहिली नोकरी केली होती, तिच्याच परिवारात त्या संस्थाप्रमुख म्हणून आल्या. मे २०२३ मध्ये ‘फेअरगेम्स’ या ऑनलाइन खेळाची घोषणा झाली. धनदांडग्यांच्या कडेकोट ठिकाणांवर दरोडे घालणारे खेळाडू, असा त्याचा विषय आहे. मे २०२५ मध्ये रेमंड हॅवनमधून बाहेर पडल्याचे वृत्त आले. त्या वेळी खेळ बाजारात आलेला नव्हता.

भारतातील संदर्भ

रेमंड यांच्या कारकिर्दीशी निगडित असलेल्या युबीसॉफ्टचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. कंपनीने २००८ साली पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला व २०१८ साली मुंबईत दुसरा उघडला. ज्या ‘द सँड्स ऑफ टाइम’च्या पाठोपाठ ‘असॅसिन्स क्रीड’ची कल्पना जन्मली, त्याच खेळाची नवी आवृत्ती करण्याचे काम पुणे-मुंबईच्या संघांकडे असल्याची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली. प्रसिद्धीची तारीख लांबत गेली आणि मे २०२२ मध्ये हे काम माँट्रियलकडे वर्ग करण्यात आले. परकीय कंपनीच्या शाखेत कौशल्य असले, तरी अंतिम निर्णय मुख्यालयात होतो, हे यातून दिसून आले.

याउलट पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने स्वतंत्र मार्ग धरला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांच्या या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ केला. अपहरण झालेल्या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रपरंपरा आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांचा वापर त्यात केलेला आहे. २०१७ मधील लोकवर्गणीची मोहीम अयशस्वी ठरल्यावरही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. त्याच वर्षी बेंगळुरूच्या गेम डिझायनर पूर्णिमा सीतारामन ‘विमेन इन गेम्स’च्या गौरवसूचीत समाविष्ट होणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

सीमाभागातील विद्यार्थिनींसाठी वाट

तेलंगणातील आदिलाबादसारख्या, मराठी मोठ्या प्रमाणावर बोलल्या जाणाऱ्या सीमावर्ती जिल्ह्यातून या व्यवसायाकडे जाणारी वाट लांबची असली तरी अस्तित्वात आहे. २००८ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठाचे बासर येथील संकुल पूर्वी याच जिल्ह्यात होते. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर ते निर्मल जिल्ह्यात गेले. दहावीनंतर सहा वर्षांच्या सलग अभ्यासक्रमातून अभियांत्रिकी पदवी देणारी ही संस्था ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीच उभारलेली आहे. तेलंगणा सरकारने २०१६ मध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणही आखले. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये याच क्षेत्रासाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापण्यास मंजुरी दिली.

विषयांची वाण या प्रदेशात मुळीच नाही. दंडारीच्या उत्सवात मोरपिसांचा भव्य मुकुट घालून होणारे गुसाडी नृत्य, केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम कुळाने गोदावरीचे पाणी पायी आणण्याची प्रथा आणि राजगोंडांच्या कथा गाणारे परधान गायक, ही या भूमीची सामग्री आहे. बाराव्या शतकातील दमास्कस जर अभ्यासपूर्वक पडद्यावर उभे राहू शकते, तर हेही शक्य आहे. ते कोणाच्या संमतीने, कोणाच्या सल्ल्याने आणि किती आदराने उभे राहील, हे मात्र निर्मितीच्या खुर्चीवर कोण बसले आहे यावर अवलंबून राहील. या समाजांतील माणसे केवळ चित्रणाचा विषय न राहता निर्णयप्रक्रियेत असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मूल्यमापन

रेमंड यांच्या नावावर सर्वाधिक ठळकपणे नोंदलेली कृती ‘असॅसिन्स क्रीड’ हीच आहे. त्यानंतरच्या कामाचे मोजमाप खेळांच्या संख्येने केल्यास ते कमी भरेल; संस्थांच्या संख्येने केल्यास चित्र वेगळे दिसते. युबीसॉफ्ट टोरांटो त्यांच्या पश्चातही कार्यरत राहिला. मोटिव्हने २०२० मध्ये ‘स्टार वॉर्स : स्क्वाड्रन्स’ व २०२३ मध्ये ‘डेड स्पेस’ची नवी आवृत्ती हे खेळ प्रसिद्ध केले, हा दुसरा खेळ मुळात बंद पडलेल्या व्हिसरलच्याच नावाशी जोडलेला होता. व्हिसरल आणि स्टेडियाच्या बाबतीत कामाला टाळे लावणारा निर्णय कंपन्यांनी घेतला, तरी जाहीर चर्चेत संस्थाप्रमुखाचे नाव त्याला चिकटले. ज्या काळात मोठ्या स्टुडिओंच्या प्रमुखपदी स्त्रिया अपवादानेच दिसत, त्या काळात रेमंड यांच्याकडे हे पद पुन्हा पुन्हा आले, आणि प्रत्येक वेळी त्यांनी माणसे जमवून कामाला नव्याने आरंभ केला. या व्यवसायात निर्मात्याची खरी कमाई बहुधा तीच असते.